डाव्या कोपऱ्यातलं गवत

मी हल्ली क्लुटेच्या गाद्यांच्या गोदामात झाडू मारतो. घोड्याच्या केसांच्या गाद्या जिथे छतापर्यंत रचल्या आहेत, तिथे पूर्वी बेसबॉलच्या मैदानाचा दुसरा बेस होता, धावणाऱ्यानं गाठायचा टप्पा. पलीकडे कापसाच्या गाठी पडलेल्या असतात, ते डावीकडचं मैदान. मुकादम मला रोज सांगतो, "ड्रिस्कॉल, त्या कोपऱ्यात नीट झाड. तिथे नेहमी कचरा राहतो." मी हूं म्हणतो. त्या कोपऱ्यात मी नऊ वर्षं गवत वाढवलं आणि या अख्ख्या मेरिटन शहरात बघण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, हे त्या गाढवाला सांगून काय उपयोग?

मेरिटनला बेसबॉलचा संघ होता. पगारी होता बरं का, हौशी नव्हे. लोक तिकीट काढून त्यांना बघायला यायचे, यावरून शहरात करमणुकीचा किती दुष्काळ होता ते समजून घ्या. संघातल्या अर्ध्या लोकांना धावता येत नव्हतं आणि उरलेल्यांना धावायचं नव्हतं. आठ गावांची आमची स्पर्धा, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालायची. मी मैदानाचा राखणदार. मैदान सपाट करणं, चुन्याच्या रेघा मारणं, गवत कापणं ही माझी कामं. कापणीचं यंत्र माझी घोडी डचेस ओढायची. गवतावर खूर उमटू नयेत म्हणून मी तिला चामड्याचे बूट घालायचो. ती बूट घालून जपून पावलं टाकायची, आणि हे चौदा जण खिळ्यांच्या बुटांनी तेच गवत उकरून ठेवायचे. त्या मैदानावर अक्कल असलेले आम्ही दोघंच, आणि त्यातली एक घोडी.

एकोणीसशे नऊच्या एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला तेव्हा बँड वाजला. महापौरांनी पहिला चेंडू फेकला, तो पंचाच्या नडगीला लागला. त्या दिवशी आमच्या बाजूनं फेकला गेलेला सगळ्यात वेगवान चेंडू तोच. आम्ही अकरा-दोन असे हरलो.

संघाचा कप्तान बर्ट हॅकलर. मॅनेजरही तोच. पहिल्या बेसवर उभा राहायचा, कारण तिथे कमी हलावं लागतं. मिशांना मेण लावायचा, तंबाखू माझ्या गवतावर थुंकायचा. या माणसाला खेळ फारसा कळत नव्हता, पण शकुन सगळे पाठ. रिकाम्या पिंपांची गाडी दिसली की जिंकणार, म्हणून दारूच्या भट्टीवरच्या गाडीवाल्याशी त्यानं संधान बांधलं होतं. आठवड्यातून तीनदा पिंपं फाटकासमोरून खडखडत जायची आणि आठवड्यातून तीनदा आम्ही हरायचो. जिंकलो तर त्या दिवशीचे पायमोजे तो पुढचा पराभव होईस्तोवर धुवायचा नाही. त्या बाबतीत मात्र आमचं नशीब चांगलं, मोजे फार दिवस घाण राहिले नाहीत.

पण त्याचा सगळ्यात मोठा शकुन हातमोज्यांचा होता. त्या काळी रीतच अशी की डाव संपून फलंदाजीला जाताना खेळाडू आपापला चामड्याचा हातमोजा मैदानातच टाकून जायचे. हे आत गेले की समोरचे येणार, त्यांच्या पायाशी यांचे मोजे पडलेले. ते आत गेले की त्यांचे मोजे आमच्या पायाशी. हातमोजा बगलेत धरून बाकावर नेणारा माणूस म्हणजे बायल्या, असं सगळे समजत. आणि पडलेल्या हातमोज्याला दुसऱ्यानं हात लावला की संघाचा सत्यानाश, असं हॅकलर समजे. दिवसभर माझ्या गवतावर ते मोजे शेणाच्या पोवट्यांसारखे पडलेले असत. त्यांच्याखालचं गवत पिवळं पडे. मी ओरडून ओरडून घसा फोडला. ऐकतो कोण?

एकानं ऐकलं. ॲन्सेल टीग त्याचं नाव. नेब्रास्काकडच्या शेतातून आलेला, उंच, कान मोठाले, डावीकडच्या मैदानात उभा राहणारा. सगळ्यांना "प्लीज" म्हणायचा. संघात कुणी "प्लीज" म्हणत नसे, त्यामुळे तो मला पहिल्या दिवसापासून बावळट वाटला. मे महिन्यात एकदा मी त्याच्यासमोर हातमोज्यांवरून आगपाखड केली, आणि दुसऱ्या दिवशी या गृहस्थानं डाव संपल्यावर मैदानभर फिरून आमच्या संघाचे सगळे मोजे उचलले आणि कुंपणापाशी ओळीनं मांडून ठेवले. त्या दिवशी आम्ही हरलो. तसे रोजच हरत होतो, पण त्या दिवशी हॅकलरला कारण मिळालं.

"मोजे कुणी उचलले?" तो बाकासमोर उभा राहून गरजला.

"मी, कॅप," टीग म्हणाला. "त्यांच्याखाली गवत पिवळं पडतं."

"गवत? तू गाय आहेस का रे?"

बाकावरचे फिदीफिदी हसले. टीगनं माझ्याकडे बघितलं. मी तिथेच बादली घेऊन उभा होतो. मीच सांगितलं होतं त्याला, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे कॅप, खेड्यातलं पोर ते. सकाळी उठून कोंबड्यांची अंडी गोळा करायची सवय असणार."

मग काय, छप्पर उडेल एवढं हसले सगळे. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ज्या लोकांना मी चार पैशांची किंमत देत नव्हतो, त्यांनी पाठीवर थाप मारली तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. हॅकलरनं टीगला उजवा हात वर करायला लावला आणि शपथ वदवून घेतली, की जमिनीवर पडलेल्या परक्या हातमोज्याला मी पुन्हा बोट लावणार नाही. टीगनं शपथ घेतली. इतरांना ती गंमत वाटली, पण त्यानं ती चर्चमध्ये घ्यावी तशी घेतली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं अंडीवाला.

जूनअखेर आम्ही तळाला होतो. आता संघाचा मालक हर्मन क्लुटे याच्याविषयी सांगायला हवं. क्लुटेचा गाद्यांचा कारखाना मैदानाला लागून. कुंपणावर त्यानं हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, "क्लुटेच्या गादीवर निवांत झोपा." जूनमध्ये गावच्या वर्तमानपत्रानं छापलं, की संघानं मालकाचा सल्ला फारच मनावर घेतलेला दिसतो. गाव आठवडाभर हसलं. क्लुटेला पराभवाचं काही वाटत नव्हतं, पण विनोदाचं वाटलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यानं सगळ्यांना मैदानावर उभं केलं.

"सातवे आलात तरी चालेल," तो म्हणाला. "पण आठवे आलात तर संघ बंद. या जागेवर मी गोदाम बांधतो. मला गोदाम हवंच आहे."

खेळाडूंनी जांभया दिल्या. त्यांना काय, हे गाव नाही तर दुसरं. मला मात्र दुसरं मैदान मिळणार नव्हतं. माझं वय तेव्हा एकसष्ट. बायको गेल्यावर मी त्या गवताशिवाय कशाचीही काळजी घेतली नव्हती. माझं सगळं त्या चौदा बुजगावण्यांच्या हाती आलं, याचा मला एवढा संताप आला की त्या रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

त्यात तो उन्हाळा कोरडा. जुलैत मैदान भाजून निघालं, ऑगस्टमध्ये उजवीकडे नुसती धूळ. फक्त डावा कोपरा हिरवागार राहिला. शेजारच्या बर्फखान्याचं गळतीचं पाणी त्या बाजूला मुरायचं. तिथे गवत असं काही आलं, की मी सकाळी उठून आधी ते बघायला जाई. ते मी कापलं नाही. कापलं असतं तर दोन दिवसांत खालचे पिवळे खुंट दिसले असते. शिवाय वर्तमानपत्रात आलं होतं, "मेरिटनच्या मैदानावर जिवंत वाटावं असं काही असेल तर तो डाव्या कोपऱ्यातला हिरवा पट्टा." ते कात्रण मी टोपीच्या अस्तरात खोचून ठेवलं होतं. नऊ वर्षांत माझ्याबद्दल छापून आलेली तेवढी एकच ओळ.

ऑगस्टच्या मध्यावर टीग माझ्या खोपटापाशी आला. टोपी हातात घेऊन.

"मिस्टर ड्रिस्कॉल, डावीकडचं गवत कापणीला आलंय."

"कापणीला? अरे, ते केंटकीचं गवत आहे. तुझ्या बापाच्या शेतातला चारा नव्हे तो."

"हो, गवत फार छान आहे. पण घोट्याच्या वर गेलंय. चेंडू आत शिरला की दिसत नाही. तुम्हाला वेळ नसेल तर मी सकाळी येऊन कापतो, प्लीज. विळा चालवता येतो मला."

"चेंडू दिसत नाही त्याला डोळे लागतात, विळा नाही. जा, अंडी मोज जा."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. वाद घालत नाही म्हणजे याच्यात दमच नाही, असं मी डचेसला सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे बघे ओरडत होते, "अंडीवाल्या, चेंडू उबवतोयस का?" कारण चेंडू त्याच्या बाजूला जाई, तो वाकून शोधत राही, आणि तोवर समोरचे एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन बेस पळून जात. कधी चेंडू सापडायचाच नाही, मग पंच शिव्या देत नवा चेंडू काढी. मीही कुंपणाला टेकून ओरडायचो. एकदा तर "उबवतोयस का" ही ओरड मीच सुरू केली.

तरी आम्ही तळातून थोडे वर आलो, यात आमचं कर्तृत्व नाही. लोडी नावाचं गाव आमच्याइतकंच नालायक निघालं. सप्टेंबरमध्ये मोसमाचा शेवटचा सामना आला तो मेरिटन विरुद्ध लोडी, दोघांचे विजय सारखे. हरेल तो आठवा. सबंध स्पर्धेत आमच्या सामन्याला गर्दी झाली ती त्या शनिवारी, आणि ती कोण जास्त वाईट आहे हे बघायला.

काय तो सामना! एवढ्या चुका, की वर्तमानपत्राचा माणूस लिहायचं सोडून पेन्सिल चघळत बसला. पण लोडीच्या चुका एकानं जास्त असाव्यात. आठ डाव झाले तेव्हा आम्ही चार-दोननं पुढे होतो. नवव्यात लोडी फलंदाजीला आली. त्यांचे मोजे त्यांनी रीतीप्रमाणे मैदानात टाकले होते. दोन गडी बाद झाले आणि दोघे बेसवर उभे होते. आता एकच गडी बाद केला की सामना आमचा. मी कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरला होता. देवाशी माझं फार बोलणं नाही, पण त्या वेळी बोललो.

फलंदाजानं मारला तो मार म्हणायच्याही लायकीचा नव्हता. चेंडू टप्पे घेत तिसऱ्या बेसजवळून सरपटत डावीकडे गेला. टीग बरोबर त्याच्या दिशेनं धावला. मी मोठ्यानं म्हणालो, "चला, फार तर एक धाव." चेंडू गवतात शिरला. टीग पोचला. वाकला. आणि तसाच वाकून राहिला.

तो दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत होता. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर लोडीच्या खेळाडूचा हातमोजा गवतात अर्धा बुडालेला होता. मला कुंपणापाशी उभं राहून तो दिसत होता. टीगनं त्याच्या या बाजूला चाचपलं, त्या बाजूला चाचपलं, त्याला वळसा घालून गुडघ्यांवर बसला. हॅकलर पहिल्या बेसवरून बोंबलत होता. पहिला माणूस धाव पुरी करून आला, दुसरा आला, आणि मग मारणारा स्वतः, टोपी सांभाळत, हसत हसत. पाच-चार.

पुढचा गडी बाद झाला, पण आमच्या वाट्याला आलेल्या डावात आमचे तिघे ओळीनं बाद झाले. शेवटचा हॅकलर, त्यानं चेंडू सरळ आभाळात मारला आणि तो खाली येईपर्यंत स्वतःच बघत उभा राहिला. पण त्याच्याही आधी एक गोष्ट झाली. लोडीचा डावीकडचा खेळाडू मैदानात आला, त्यानं गवतातून आपला हातमोजा उचलला, आणि त्यातून चेंडू घरंगळत बाहेर पडला. त्यानं तो वर धरून सगळ्यांना दाखवला. सबंध मैदान हसलं.

सामना संपल्यावर बाकापाशी हॅकलरच्या तोंडाला फेस आला होता. "अरे शेणमेंदूच्या! तो मोजा उचलायचा ना! उचलून बघायचास ना!"

"हात लावायचा नाही म्हणून शपथ घेतली होती, कॅप," टीग म्हणाला.

"शपथ? कसली शपथ? ती गंमत होती, मूर्खा! सामना चाललाय आणि तू शपथ पाळतोस?"

पिंपांच्या गाडीशी संधान बांधणारा माणूस हे बोलत होता. मला त्याची किळस आली. तेवढ्यात क्लुटे आला. तो हॅकलरकडे वळलाच नाही. थेट माझ्याकडे आला.

"ड्रिस्कॉल, तू इथला जुना माणूस. मोज्यात पडलेला चेंडू त्याला दिसला कसा नाही? गवत वाढलं होतं का?"

टीग दोन पावलांवर उभा होता. टोपी हातात. त्यानं माझ्याकडे बघितलं, मे महिन्यात बघितलं होतं तसंच. त्याला माझा राग आलेला नव्हता, नुसता वाट बघत होता. आणि मी, साठी उलटलेला माणूस, म्हणालो, "गवत नऊ वर्षं तेच आहे, साहेब. यंदा उभा राहणारा बदलला."

टीगनं मान खाली घातली. हॅकलरनं त्याला तिथल्या तिथे संघातून काढलं, बंद पडलेल्या संघातून. त्यातही त्याला मर्दुमकी वाटली. क्लुटे म्हणाला, "असो. सोमवारी पाया खणायला माणसं येतील." म्हणजे खोटं बोलून माझ्या पदरात काहीच पडलं नाही. पडलं असतं तर निदान सौदा केला असं तरी म्हणता आलं असतं.

रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो तेव्हा डाव्या कोपऱ्यात कुणीतरी होतं. टीग. माझ्या खोपटातला लांब दांड्याचा विळा घेऊन गवत कापत होता. अंगात प्रवासाचे कपडे, कोट कुंपणावर. काय हात होता त्याचा! विळा जमिनीला समांतर अर्धवर्तुळात फिरायचा, गवत एका रेषेत आडवं पडायचं. मी नऊ वर्षं यंत्रानं कापलं, पण असं सारखं कधी जमलं नव्हतं.

"तुमच्या घोडीसाठी," तो म्हणाला. "सोमवारी तुडवलं जाईल, म्हणून. वाळवलं तर तिला निम्मा हिवाळा पुरेल."

मी जवळ गेलो. कापलेल्या भागाच्या कडेला त्यानं चेंडू मांडून ठेवले होते. सहा. मातीनं काळे झालेले, दोन चेंडूंची शिवण उसवलेली. ऑगस्टपासूनचे सामने मला तोंडपाठ होते. कुठला चेंडू कुठल्या दिवशी सापडला नाही, त्यावर किती धावा गेल्या, आणि कुणी कुंपणाला टेकून "उबवतोयस का" म्हणून ओरड सुरू केली, सगळं. त्यांतले तीन सामने आम्ही एकेका धावेनं हरलो होतो. त्यांतले दोन जरी जिंकलो असतो तर शनिवारच्या सामन्याला काही अर्थच उरला नसता. उन्हाळाभर मी चौदा माणसांना नालायक म्हणत होतो. ते होतेच. पण माझं मैदान त्यांनी नाही घालवलं.

टोपीच्या अस्तरातलं कात्रण मला टोचायला लागलं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. या पोरानं मोसमभर मी म्हणेन ते ऐकलं होतं, आणि या गावात माझं ऐकणारा तो एकटाच होता. मी तोंड उघडलं, आणि जिभेला जी सवय होती तेच बाहेर आलं.

"विळा फार खाली लावलायस," मी म्हणालो. "मुळं दुखावतील."

दुसऱ्या दिवशी तिथे कुदळी पडणार होत्या. टीग थांबला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि पातं बोटभर वर उचललं.

"बरं, मिस्टर ड्रिस्कॉल," तो म्हणाला, आणि पुन्हा कापायला लागला.

विळा त्यानं आधी धरला होता तसाच बरोबर होता.